तानपुरा घ्यायचाय? आधी गळा कोणाचा ते ठरवा!



सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे निम्मं आजीकडून आलेलं आणि निम्मं होस्टेलच्या मेसमध्ये जमवलेलं. मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी टाळायच्याच विचारात होते. पण गेल्या वर्षी मी एक वस्तू विकत घेतली आणि ती घेता घेता बरंच काही शिकले. ते इंग्रजीत लिहिलं असतं तर आजीला वाचता आलं नसतं. म्हणून हा प्रयत्न. चूकभूल द्यावी घ्यावी!

ती वस्तू म्हणजे तानपुरा. आजी त्याला तंबोरा म्हणते. वाद्य एकच.

सुरुवात कशी झाली

माझी आजी श्रीरामपूरला राहते. शाळेतून रिटायर झाल्यावर ती घरी गाण्याचा क्लास घ्यायची. तिच्याकडे आजोबांनी मिरजेहून आणलेला जुना तंबोरा होता. मी पण तिच्याकडे सहावीपासून शिकले, पण दहावीत क्लास सुटला, मग बारावी, मग सीईटी, आणि गाणं राहूनच गेलं. सेकंड इयरला गॅदरिंगमध्ये आमच्या ग्रुपला एक बंदिश बसवायची होती, तेव्हा ऐटीत सांगितलं, "माझ्याकडे खरा तानपुरा आहे!" आजीने काही न विचारता दिला.

कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या. त्यानंतर तो तानपुरा मी कपाटाच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवला आणि विसरले. सबमिशनच्या धावपळीत एका रात्री माझीच ड्रॉइंगची मोठी बॅग कपाटावरून त्याच्यावर पडली. भोपळ्याचा एक अख्खा तुकडा आत गेला. दोष ना रूमचा, ना रूममेटचा. माझाच.

यापुढचं जास्त वाईट आहे. मी दोन महिने आजीला सांगितलंच नाही. फोनवर ती विचारायची, "तंबोरा बरा आहे ना गं?" आणि मी म्हणायचे, "हो, एकदम मस्त." शेवटी दिवाळीत घरी गेल्यावर सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फुटला तर फुटला, भोपळाच तो. पण दोन महिने बोलली नाहीस, ते काही बरं केलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या ठेवीतले पंधरा हजार रुपये माझ्या हातात ठेवले आणि सांगितलं, "नवीन आण. पण मिरजेहूनच, आणि स्वतः जाऊन, कानांनी ऐकून आण. मला काही आता तेवढा प्रवास होत नाही." माझ्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे दहा हजार शिल्लक होते. झालं, पंचवीस हजारांचं बजेट ठरलं. पैसे जमले, पण कान कुठून आणायचे हा प्रश्न होता!

मिरजच का?

आपल्या जिल्ह्यात मला तानपुरा बनवणारं कोणी सापडलं नाही. वाद्यांची दुकानं आहेत, पण तिथला माल बाहेरून येतो. ऑनलाइन तर पाच मिनिटांत ऑर्डर होते. मग चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करायचा कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून थोडी माहिती काढली.

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत १८५०च्या सुमारापासून तंतुवाद्यं बनतात. सुरुवात शिकलगार घराण्याने केली. शिकलगार म्हणजे तलवारी आणि इतर हत्यारांना धार-पॉलिश करणारे कारागीर. इंग्रजांचं राज्य आल्यावर हत्यारांचं काम कमी झालं. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरच्या लोकांनी हात वाद्यांकडे वळवला. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, आणि संस्थानिकांना गाण्याची आवड, त्यामुळे कामाला आश्रय मिळाला. नंतर घराण्यातल्या बऱ्याच लोकांचं आडनावच सतारमेकर झालं, आणि गल्लीचं नाव सतारमेकर गल्ली.

गाणारेही त्याच गावात होते. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते आणि त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते १९३७ साली वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. उरुसाला तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची मैफल होते. खाँसाहेब सुरांच्या बाबतीत इतके काटेकोर, की तानपुऱ्याची दुरुस्ती आणि जवारी स्वतः करायचे म्हणतात. असा गिऱ्हाईक शेजारी असेल तर कारागिराचा हात सुधारणारच ना! आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन डिपार्टमेंट आणि टेस्टिंग डिपार्टमेंट एकाच गल्लीत.

२०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी चप्पल किंवा नाशिकची द्राक्षं यांना आहे तसंच हे. याचा अर्थ दुसरीकडे बनलेल्या वाद्याला 'मिरज तानपुरा' म्हणून विकता येत नाही. पण मानांकन गावच्या कामाला मिळतं. आपल्यासमोरचा नेमका एक तानपुरा चांगला की वाईट, हे मात्र आपल्यालाच ऐकून ठरवावं लागतं.

तानपुरा कशाचा बनतो

जाण्यापूर्वी वाद्याचे भाग माहीत असले तर बोलताना आपण अगदीच भोळे दिसत नाही. म्हणून थोडक्यात:

१) भोपळा : हा खरोखरच शेतात वेलावर उगवलेला कडू भोपळा. मिरजेला तो मुख्यतः पंढरपूर, मंगळवेढा या सोलापूर जिल्ह्यातल्या भागातून येतो. पूर्ण वाळवून, कापून, आतला गर काढून तो वापरतात.

२) गळा आणि दांडी : बहुतेक तुणीच्या लाकडाची. तूण हलकी असते आणि तिला चांगला नाद असतो. दांडी आतून पोकळ असते.

३) तबली : भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी. हिच्यावर घोडी उभी असते. जास्त जाड झाली तर आवाज दबतो, जास्त पातळ झाली तर तारांच्या ओझ्याने बसते.

४) घोडी : तबलीवरचा रुंद पूल, ज्यावरून तारा जातात. पूर्वी हस्तिदंताच्याही घोड्या असत. आता हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. हाड, काळं टणक लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

५) खुंट्या आणि मणी : खुंटीने तार ढोबळ लावायची आणि घोडीखालच्या मण्याने बारीक. म्हणजे मायक्रोमीटरचा मेन स्केल आणि थिंबल समजा!

६) तारा : चार. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची, जी जोडीच्या निम्म्या वारंवारतेवर लावतात.

मी यूट्यूबवर अरबस्तानातलं ऊद नावाचं वाद्य कसं बनवतात ते पाहिलं होतं. त्याचंही पोट गोल, पण ते लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम करून, वाकवून, एकेक चिकटवून बनवतात. म्हणजे तिथे पोटाचा आकार कारागीर ठरवतो. आपल्याकडे आकार वेल ठरवते आणि कारागीर शेकडो भोपळ्यांतून हवा तो निवडतो. दोन भोपळे कधीच सारखे नसतात, म्हणून दोन तानपुरेही सारखे नसतात. म्हणून फोटो बघून तानपुरा मागवणं मला तेव्हापासून पटेनासं झालं.

जवारी म्हणजे काय (मेकॅनिकलवाल्यांनी जरूर वाचावं)

गिटारची तार एका बारीक कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि वरून किंचित गोलसर घासलेली असते. तार हलते तेव्हा ती त्या उतारावर टेकते, सुटते, परत टेकते. म्हणजे तारेचं टोक एका जागी पक्कं नाहीच. आपण व्हायब्रेशनच्या पेपरात 'दोन्ही टोकं स्थिर' असं गृहीत धरून सुरुवात करतो, ते गृहीतकच इथे चालत नाही. त्या उताराला आणि त्यातून येणाऱ्या भरलेल्या, झंकारणाऱ्या आवाजाला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून ती नेमकी जुळवतात.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. नेहमीचा नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडू त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर ऐकू येत नाही. रामन यांनी दाखवलं की तानपुऱ्यात आणि वीणेत तो उपस्वरही जोरात ऐकू येतो, आणि याचं कारण त्या घोडीत आहे. म्हणजे नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी रामन साहेब तंबोऱ्याच्या घोडीकडे बघत बसले होते!

खर्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर चांगला निघाला की गंधार ऐकू येतो. गंधाराची तार कुठेच नसते, तरी तो ऐकू येतो. आजी त्याला स्वयंभू गंधार म्हणते. चांगला तानपुरा ओळखायची तिची एकच परीक्षा होती : "गंधार बोलला का?"

पहिली खेप

डिसेंबरची परीक्षा संपली आणि मी आणि माझी रूममेट महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. ही गाडी नगरवरून दौंड, पुणे, सातारा करत थेट मिरजेला जाते. (आता जिल्हा आणि स्टेशन दोन्ही अहिल्यानगर आहेत, पण तोंडात नगरच येतं.) रात्री बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळ उलटता उलटता मिरज.

दोन-तीन दुकानं बघून आम्ही एका छोट्या कारखान्यात शिरलो, कारण तिथे समोर काम चालू दिसत होतं. जमिनीवर लाकडाचा भुसा, छताला टांगलेले भोपळे, आणि एक साठीचे कारागीर मांडी घालून घोडी घासत बसलेले. त्यांचं नाव इथे देत नाही, आपण त्यांना चाचा म्हणू. मी तसंच म्हणत होते.

मी तयारीचं वाक्य टाकलं, "चाचा, लेडीज तानपुरा हवाय, तुणीचा, पंचवीस हजारांपर्यंत."

चाचांनी मान वर न करता विचारलं, "गाणार कोण?"

"आजीसाठी हवाय."

"पट्टी कुठली?"

मी म्हटलं, "काळी चार." आजीचा जुना तंबोरा काळी चारला लावलेला असायचा, ते मला पक्कं आठवत होतं.

"वय काय आजीचं?"

"चौऱ्याहत्तर."

आता त्यांनी मान वर केली. "बाळ, चौऱ्याहत्तरला काळी चार राहत नाही. फोन लाव आणि विचार."

मला वाटलं, एवढं काय अडलंय? तार सैल केली की पट्टी उतरते! त्यावर चाचा म्हणाले, "उतरते की. पण मग ती बोलत नाही, लोळते." तेव्हा नीट कळलं नाही. परत आल्यावर मी हिशोब करून बघितला. तो इथे देते, कारण याच्याशिवाय हा लेख इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये शोभणार नाही.

जोडीची पोलादी तार, जाडी ०.३० मिलिमीटर, अटीपासून घोडीपर्यंत लांबी ९० सेंटिमीटर धरा. अशा तारेचं वजन एका मीटरला साधारण ०.५५ ग्रॅम भरतं. काळी चार म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ. तारेतला ताण म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले (दोन गुणिले लांबी गुणिले वारंवारता) याचा वर्ग. उत्तर येतं सुमारे ७८ न्यूटन, म्हणजे जवळपास ८ किलो. तीच तार काळी दोनला, म्हणजे साधारण १५६ हर्ट्झला उतरवली, तर ताण राहतो साडेचार किलोच्या आत. पट्टी एक चतुर्थांश उतरली आणि ताण जवळजवळ निम्म्यावर आला, कारण वारंवारतेचा वर्ग होतो! मग तार घोडीवर नीट टेकत-सुटत नाही आणि काळी चारसाठी घासलेली जवारी बिघडते. उलट, खालच्या पट्टीसाठी बनवलेला तानपुरा वर ओढला तर तारा तुटतात किंवा तबलीवर जास्त भार येतो. एखादा-दीड स्वर इकडेतिकडे चालतो. त्याहून जास्त फरक असेल तर तारांची जाडी बदला, जवारी परत करा, नाहीतर वाद्यच वेगळ्या लांबीचं घ्या. म्हणून पुरुषांचा तानपुरा मोठा आणि बायकांचा लहान असतो. ती फॅशन नाही, गरज आहे.

तर मी कारखान्यातूनच आजीला फोन लावला. "आजी, तू हल्ली कुठल्या पट्टीत गातेस?"

आजी हसली. "हल्ली? हल्ली कुठे गाते मी? गुणगुणते ते काळी दोनमध्ये असेल. तुझी पट्टी काळी चारच ना अजून?"

"माझं काय त्यात? तानपुरा तुझ्यासाठी घ्यायचाय."

"तुझ्या पट्टीचा घे," आजी म्हणाली. "मी आता ऐकणार. गाणार तू."

मी म्हटलं, "अगं, मी चार-पाच वर्षांत रियाज केलेला नाही."

"तेच म्हणते मी," म्हणून तिने फोन ठेवला.

मी जरा वेळ तशीच बसले होते. मला वाटत होतं मी नुकसानभरपाई करायला आले आहे. पैसे द्यायचे, वस्तू आणायची, आजीपुढे ठेवायची, हिशोब चुकता. आजीने सगळा हिशोबच उलटा करून टाकला होता.

चाचांनी फक्त विचारलं, "काळी चार?" मी हो म्हटलं.

पाठ करून बस

चाचांनी तीन तानपुरे काढले. पहिल्यावर सुंदर नक्षी होती, भोपळ्यावर पानं कोरलेली, दांडीवर पांढऱ्या पट्ट्या. दुसरा तसाच, जरा कमी. तिसरा अगदी साधा, अजून पॉलिशही न झालेला. मला अर्थातच पहिला आवडला.

चाचा म्हणाले, "पाठ करून बस."

मग त्यांनी तिन्ही एकाच पट्टीत लावले आणि एकेक करून छेडले. क्रम सांगितला नाही. रूममेटने कागदावर क्रम लिहून ठेवला. मी दोन फेऱ्या ऐकल्या आणि दोन्ही वेळा माझं उत्तर एकच आलं : 'हा.' तो साधा होता! पहिल्याचा आवाज मोठा होता पण लवकर विझत होता. साध्यात खर्जाची तार छेडल्यावर आवाज आधी खाली जायचा, मग हळूहळू वर उघडायचा, आणि मग... गंधार! मला खात्री नव्हती, म्हणून फोन परत लावून आजीला ऐकवला. मोबाईलवर काय कळणार? पण ती म्हणाली, "तुला ऐकू आला ना? मग झालं."

चाचांनी सांगितलं की याचं पॉलिश आणि बारीक जवारी बाकी आहे, पाच आठवडे लागतील. फुटलेल्या तंबोऱ्याचे फोटोही मी दाखवले. ते म्हणाले, "दांडी शाबूत आहे. नवा भोपळा बसेल. पण जुना आवाज परत येईल असं मी सांगणार नाही. भोपळा दुसरा म्हणजे वाद्य दुसरं." मला हे उत्तर आवडलं. 'एकदम पहिल्यासारखा करून देतो' असं म्हणाले असते तर मी खूश झाले असते, पण विश्वास बसला नसता.

सात हजार ॲडव्हान्स दिला. पावतीवर त्यांनी लिहिलं : पट्टी काळी चार, जवारी मध्यम खुली, कव्हर सोबत. एकूण किंमत बावीस हजार. नक्षीवाला यापेक्षा महाग होता, हे वेगळं सांगायला नको.

घेताना काय बघावं

आता माझ्या वहीतली यादी. सतार, वीणा, तानपुरा, काहीही घ्यायचं असेल तरी यातलं बरंच लागू पडेल.

१) गाणारा कोण आणि पट्टी कुठली, हे घरूनच ठरवून जा. पट्टी आठवणीतली नको, आजची हवी. चार दिवस सकाळ-संध्याकाळ गाऊन बघा.

२) जिथे काम चालतं तिथे जा. नुसत्या शोरूममध्ये बिघाड कोण दुरुस्त करणार ते कळत नाही.

३) भोपळा हाताने चारी बाजूंनी चाचपा. बारीक तडे पॉलिशखाली लपतात, पण बोटाला लागतात. गळा आणि भोपळा जिथे जोडलाय तिथे फट नको.

४) दांडीला एका टोकाकडून डोळा लावून बघा, लेथवरचा शाफ्ट बघतो तसं. वाक नको.

५) प्रत्येक खुंटी फिरवा. ती झटके देत फिरत असेल किंवा आपोआप सुटत असेल तर तिथेच बसवून घ्या.

६) तार एकेक छेडा. चारही तारांची जवारी सारखी बोलली पाहिजे. एक तार झंकारते आणि दुसरी मुकी, असं चालत नाही.

७) पाठ करून ऐका. डोळे फसवतात.

८) किमान पंधरा-वीस मिनिटं सलग ऐका. पहिल्या मिनिटात सगळेच गोड वाटतात.

९) लाकूड आणि पॉलिशला घाई करू नका. 'उद्या घेऊन जा' म्हणणाऱ्यापेक्षा 'पाच आठवडे' म्हणणारा बरा.

१०) पट्टी, जवारी, किंमत, ॲडव्हान्स सगळं पावतीवर घ्या. प्रेमाने बोललं तरी लिहून घ्या. दोघांच्याही सोयीचं असतं.

११) जवारी वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजते आणि परत करावी लागते. ती कोण करणार, हे घेतानाच विचारा.

आणि मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप? ते वाईट नाही. रात्री अकरानंतर होस्टेलमध्ये तेच वापरावं लागतं, नाहीतर वॉर्डन मॅडम येतील! पण ॲपमध्ये तार लावावी लागत नाही. आणि चार तारा रोज कानाने लावायच्या म्हणजेच निम्मा रियाज, हे मला आता कळतंय.

दुसरी खेप

फेब्रुवारीत तानपुरा आणायला परत गेले. चाचांनी शेवटची जवारी माझ्यासमोर केली. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत कानस. दीड तास हेच. मी विचारलं, "चाचा, कुठे थांबायचं ते कसं कळतं?" ते म्हणाले, "जास्त घासलं की कळतं. म्हणून आधीच थांबायचं." यावर आमचे वर्कशॉपचे सर काय म्हणतील ते माहीत नाही, पण फायलिंगचा जॉब बिघडवलेल्या प्रत्येकाला हे पटेल.

प्रवासासाठी त्यांनी तारा सैल केल्या, घोडीखाली फडक्याची घडी ठेवली, आणि बजावलं : भोपळ्यावर काही ठेवायचं नाही, उन्हात ठेवायचा नाही, भिंतीला नुसता टेकवायचा नाही. तिसरी सूचना ऐकून रूममेट माझ्याकडे बघायला लागली. परतीच्या गाडीत आम्ही दोघींनी आळीपाळीने त्याला धरून ठेवलं. पहाटे बेलापूर स्टेशनवर उतरलो. (बाहेरगावच्यांसाठी : श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे. बरेच जण इथे फसतात.)

आजी जागीच होती. चहा व्हायच्या आधी तिने कव्हर काढायला लावलं. नक्षी नाही म्हणून ती काही बोलली नाही. म्हणाली, "लाव." मी लावायला बसले. ॲप न वापरता लावायला मला पाऊण तास लागला. ती मध्ये एकदाही बोलली नाही. जोडीच्या तारा एक झाल्या तेव्हा मलाच कळलं, कारण दोन आवाज ऐकू यायचे बंद झाले.

मग आजी डोळे मिटून ऐकत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "गंधार आहे. आता सा लाव."

माझा सा थरथरला, दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा लागला. त्या दिवशी आम्ही साच्या पुढे गेलो नाही.

असो! आता तानपुरा होस्टेलमध्ये माझ्या रूमवर आहे, कोपऱ्यात, स्टँडमध्ये. कपाटावर काहीही ठेवायला मनाई आहे. संध्याकाळी सहा ते साडेसहा मी बसते. कोणाला ऐकायचं असेल, लावायला शिकायचं असेल किंवा जवारीची घोडी मोजून प्रोजेक्ट करायचा असेल तर जरूर या. फक्त चपला बाहेर काढा आणि बॅग दारापाशी ठेवा. फुटलेला जुना तंबोरा या सुट्टीत मिरजेला न्यायचाय. त्याला नवा भोपळा बसेल. यावेळी पट्टी विचारली की काय सांगायचं ते ठरलंय : काळी दोन.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)